सासूबाईंच्या बावीस चादरी

धुलाई कारखान्यात दोऱ्या असतात, यात सांगण्यासारखं काही नाही. पण या कारखान्याच्या ऑफिसातही भिंतीवर अकरा दोऱ्या ताणलेल्या होत्या आणि त्यांवर एकही कपडा नसायचा. तिथे चिठ्ठ्या असायच्या, लाकडी चिमट्यांनी अडकवलेल्या. एक दोरी म्हणजे एक गाडी. एक चिठ्ठी म्हणजे एक गिऱ्हाईक, मग तो दवाखाना असो, हॉटेल असो की वसतिगृह. सकाळी सहाला चालक यायचे, आपापल्या दोरीसमोर उभे राहायचे, डावीकडून उजवीकडे वाचायचे आणि धुतलेल्या चादरी-टॉवेलांचे गठ्ठे घेऊन निघायचे. येताना मळके गठ्ठे आणायचे. सव्वीस वर्षं हे असंच चाललं होतं, आणि सव्वीस वर्षं त्या चिठ्ठ्या एकच माणूस लावत होता. त्याचं खरं नाव पगाराच्या यादीत असेल. बाकी सगळ्यांना तो चिमटेमास्तर.

मास्तर मोठा गोड माणूस होता असं काही मी म्हणणार नाही. कोणी त्याच्या दोरीला हात लावला की तो असा ओरडायचा की खाली इस्त्रीवाले दचकून चादर जाळायचे. पण कोणत्या दवाखान्याचा पहारेकरी साडेसातच्या आत फाटक उघडत नाही, कोणत्या हॉटेलच्या मागच्या गल्लीत नऊनंतर भाजीचे ट्रक अडून बसतात, हे सगळं त्याच्या डोक्यात होतं. डोक्यातच होतं, कागदावर नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्याने फार लवकर ओळखलं होतं.

मग धाकटे मालक कुठल्याशा परिषदेला जाऊन आले.

माणूस परिषदेला जातो तेव्हा बरा असतो. परत येतो तेव्हा त्याच्याकडे एक नवा शब्द असतो. धाकट्या मालकांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘इष्टतमीकरण’. चालकांनी तो शब्द उच्चारून पाहिला. तीन नंबरच्या गाडीवाल्याची जीभ दोनदा अडकली आणि त्याने नाद सोडला.

“म्हणजे कमीत कमी वेळात जास्तीत जास्त काम,” मालक म्हणाले.

“हे तर मला घरी रोज ऐकवतात,” तीन नंबरवाला म्हणाला. “फुकटात.”

आठ दिवसांनी एक पोरगेलीशी बाई आली. पाठीवर पिशवी, पायात मळके बूट. गणितात मोठं काहीतरी शिकलेली. गाड्यांना सगळ्यात कमी वेळाचे रस्ते आखून देणारं मशीन ती बसवणार होती. अशा सल्लागारांचं काम म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, असं चिमटेमास्तरांचं ठाम मत होतं. पण ही पहिल्याच दिवशी पहाटे पाच वाजता येऊन गाडीत गठ्ठे भरायला लागली, त्यामुळे मास्तरांची जरा पंचाईत झाली. चालकांनी तिचं नाव ‘गणितबाई’ ठेवून टाकलं.

“काका, मशीनला नकाशा कळतो, वेळ कळते. माणसं कळत नाहीत,” ती म्हणाली. “तुमच्या डोक्यातले सगळे नियम मला सांगा. एकही सोडू नका. जो नियम सांगितला नाही, तो मशीनच्या लेखी अस्तित्वातच नाही.”

नऊ दिवस मास्तर सांगत होते आणि ती टिपत होती. त्रेसष्ट नियम झाले.

चौसष्टावा त्यांनी सांगितला नाही.

तो असा होता. चार नंबरच्या गाडीने कारखान्यातून निघाल्याबरोबर पहिल्यांदा टेकडीमागच्या वृद्धाश्रमात जायचं, पावणेसातच्या आत, मग बाकीचं जग. कारण आश्रमाकडे चादरींचे दोनच जोड होते. एक खाटांवर, एक धुलाईला. बावीस म्हातारी माणसं. रात्रीतून अर्ध्या चादरी ओल्या व्हायच्या, त्या सकाळी काढायच्या, आणि गाडी येईपर्यंत खाटांवर नुसतं रबरी कापड. आश्रम होता वाकड्या वाटेवर आणि गिऱ्हाईक म्हणून अगदीच किरकोळ. चौदा वर्षांपूर्वी एक चालक आजारी पडला म्हणून मास्तर स्वतः गाडी घेऊन दुपारी तिथे गेले होते, आणि जे पाहिलं ते पाहून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ती चिठ्ठी दोरीच्या शेवटच्या टोकावरून पहिल्या टोकाला आणून लावली. का, ते कोणाला सांगितलं नाही. दोन वर्षांपासून तर त्यांची थोरली बहीणही तिथेच होती. त्यांना आईच्या मायेने वाढवलेली ताई.

आता तुम्ही म्हणाल, मग हाच नियम का लपवला? अहो, म्हणूनच लपवला! मशीन चालू होणार, पहिल्याच दिवशी आश्रमाची गाडी चुकणार, तिथली व्यवस्थापिका तोफखाना आहे, ती फोन करून कारखाना डोक्यावर घेणार, आणि मालक जिना उतरून येणार. ‘मास्तर, तुमच्याशिवाय काही खरं नाही.’ एवढं एक वाक्य ऐकायचं होतं बिचाऱ्याला. एक दिवस, फार तर दोन. ताईला दोन दिवस काढता येतील, असं त्यांनी मनाशी धरलं. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारे लोक मी बरेच पाहिलेत. पण दुसऱ्याचंच नाक उसनं घेऊन कापणारा हा पहिला.

इकडे बाकीच्यांनाही समजलं की मशीन अटी पाळतं. झालं! ज्याला त्याला अट सुचली. व्यवस्थापकांना सगळ्या गाड्या बरोबर एक वाजता आवारात हव्या होत्या, कारण तेव्हा ते खिडकीत उभे राहून त्या मोजत. तीन नंबर आणि पाच नंबर एका रस्त्यावर आलेले चालणार नव्हते, कारण एकाने दुसऱ्याचा जॅक नेऊन परत केला नव्हता. आणि धाकट्या मालकांची एक बारीकशी अट होती. त्यांच्या सासूबाईंची दुलई आणि अभ्रे रोज धुवून, त्यांच्या आठच्या चहाआधी, त्यांच्या दारात.

मशीन रात्रभर घरघरलं आणि सकाळी पडद्यावर एकच ओळ आली: सर्व अटी पाळणारं उत्तर अस्तित्वात नाही.

“हे मला लग्नाआधी कोणी सांगितलं असतं तर!” तीन नंबरवाला म्हणाला.

गणितबाईने हसत हसत काही अटी सैल केल्या. व्यवस्थापकांना गाड्या दोन हप्त्यांत मोजायला लावल्या, जॅक स्वतः जाऊन परत मिळवून दिला. पुढच्या सोमवारी मशीन लागलं. अकरा गाड्या मिळून दिवसाला पंच्याण्णव मिनिटं वाचली. मालकांनी सगळ्यांना पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

चार नंबरवाला कागद घेऊन मास्तरांकडे आला. “मास्तर, म्हाताऱ्यांचं घर दुपारी दोनला टाकलंय. शेवटी. चुकलं तर नाही ना काही?”

“मशीन चुकत नसतं,” मास्तर म्हणाले आणि फोनकडे बघत बसले.

फोन वाजला नाही. मंगळवारी वाजला, तो कोणाला तरी चुकून लागलेला होता. बुधवारी मास्तरांनी फोन उचलून तो चालू आहे ना ते पाहिलं. गुरुवारी जेवायलाही उठले नाहीत. शनिवारी मालकांनी आठवड्याचा अहवाल वाचून दाखवला. वाचलेली मिनिटं अमुक, वाचलेलं इंधन तमुक, तक्रारी शून्य. “शून्य!” मालक पुन्हा म्हणाले आणि त्यांनी मास्तरांकडे असं पाहिलं, जसं घरातल्या जुन्या कपाटाकडे पाहतात. आहे मजबूत, पण ठेवायचं कुठे?

तोवर मास्तरांनी एक शब्द बोलायला हवा होता. नाही बोलले. सहा दिवस झाले होते, आणि सहाव्या दिवशी बोलायचं तर आधीचे पाच दिवस का गप्प होतो तेही सांगावं लागणार होतं. असल्या हिशेबात माणूस अडकतो, मशीन नाही.

रविवारी ते आश्रमात गेले. साडेअकरा वाजले होते. ताई खिडकीपाशी लाकडी खुर्चीत बसली होती, पाय सुजलेले, अंगावर शाल. मागे खाट उघडी, रबरी कापड उन्हात चकाकत होतं. तिच्याशेजारी आणखी दोघीजणी तशाच बसलेल्या.

“ताई, खुर्चीत का? पड ना जरा.”

“चादर दोनला येते ना आता. रबराला पाठ चिकटते रे. बसलेलं बरं.” मग तिने त्यांचा हात धरला. तिला नीट दिसत नव्हतं, हातावरूनच ती माणूस ओळखायची. “ते राहू दे. तुमच्याकडे नवीन मशीन आलंय म्हणे! चार नंबरवाला सांगत होता. तुझेच नियम घातलेत म्हणे त्यात. मी सगळ्यांना सांगितलं, माझ्या भावाचं डोकं आहे ते.”

मास्तरांनी तिची शाल पायांवर सारखी केली.

“व्यवस्थापिकेने तक्रार कशी नाही केली?”

“केली की. तीनदा. नव्या पावतीवर नंबर आहे ना छापलेला, तिथे. आधी म्हणतात तुमची तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे. मग गाणं लागतं. तिसऱ्यांदा तिने आम्हालाही ऐकवलं, बाजाच्या पेटीसारखं काहीतरी. छान होतं.”

“आणि तू? तू मला निरोप नाही धाडलास?”

“एवढ्या-तेवढ्यासाठी? तुझ्या मागे किती काम.”

मास्तर उठले आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की चपला पायात घालायचंही सुचलं नाही. ज्या बाईने लहानपणी आपल्याला कधी ओल्यात झोपू दिलं नाही, तिला आपण सहा दिवस खुर्चीत बसवून ठेवलं, कशासाठी, तर एक वाक्य ऐकायला!

सोमवारी सकाळी मालक, व्यवस्थापक आणि गणितबाई बसले असताना मास्तर आत गेले आणि उभ्यानेच म्हणाले, “एक नियम मी लपवला होता. चौसष्टावा. मुद्दाम.” आणि सगळं सांगून टाकलं. ताईचं, खुर्चीचं, गाण्याचंही.

“मुद्दाम?” मालकांचा आवाज चढला. “मास्तर, सव्वीस वर्षं ज्या ताटात जेवलात त्यालाच...”

“खरं आहे,” मास्तर म्हणाले. “मला काय करायचं ते करा. पण चार नंबर आधी तिकडे पाठवा.”

गणितबाई मशीनपाशी सरकली. तिने नियम मशीनमध्ये घातला, बटण दाबलं आणि पडद्यावर एक यादी आणली. “मशीन प्रत्येक अटीचं वजन सांगतं,” ती म्हणाली. “म्हणजे ही एक अट नसती तर रोज किती मिनिटं वाचली असती.”

मालकांना हे भलतंच आवडलं. अशी यादी म्हणजे अटींचा बाजारभावच की! त्यांनी तिथल्या तिथे धोरण ठरवलं, वीस मिनिटांपेक्षा जड अट काढून टाकायची. माणूस बघायचा नाही, वजन बघायचं. गणितबाई वाचू लागली. पहारेकऱ्याचं फाटक, चार मिनिटं. भाजीचे ट्रक, नऊ. वृद्धाश्रम, चोवीस.

“काढा,” मालक म्हणाले. “वाईट वाटतं, पण गणित ते गणित.”

“साहेब, बावीस माणसं ओल्यात...”

“मास्तर, तुम्ही तर बोलूच नका.”

“आणखी एक अट आहे वीसच्या वर,” गणितबाई शांतपणे म्हणाली. “सासूबाई, आठच्या आत. एकतीस मिनिटं.”

व्यवस्थापक खिडकीतून गाड्या मोजू लागले, सगळ्या गाड्या बाहेर गेलेल्या असताना.

“ती,” मालक घसा खाकरून म्हणाले, “ती अट नाही. ती परिस्थिती आहे.”

“मशीनमध्ये काय लिहू?”

“तेच लिहा. परिस्थिती. त्याचं वजन करायचं नाही, त्याला हात लावायचा नाही, आणि माझ्याशिवाय कोणी त्यावर प्रश्न विचारायचा नाही.”

गणितबाईने यादीत एक नवा रकाना केला, वर ‘परिस्थिती’ असं लिहिलं आणि त्यात सासूबाईंना बसवलं. मास्तरांची शिक्षाही तिथेच ठरली. निवृत्तीला चार महिने होते, तोवर त्यांनी कोपऱ्यात बसून मशीनमध्ये गिऱ्हाइकांचे पत्ते दुरुस्त करायचे. बाकी कशाला हात लावायचा नाही. दोऱ्या त्याच दुपारी काढल्या. दोनशे चिमटे एका बादलीत भरून इस्त्रीवाल्यांना दिले.

मास्तर कोपऱ्यात बसले. पत्ते म्हणजे पत्ते! नाव, ठिकाण, वेळ, नग. नगांच्या रकान्यात एका हॉटेलच्या चाळीस उशा चारशे झाल्या होत्या, त्या त्यांनी नीट केल्या. मग यादी सरकवत सरकवत ते ‘परिस्थिती’वर आले. सासूबाई. पत्ता एक. आणि त्याखाली बारीक अक्षरांत मशीन विचारत होतं: आणखी पत्ता जोडायचा का?

आयुष्यात त्यांनी कधी खोटी चिठ्ठी दोरीला लावली नव्हती. पण खरी लपवून काय दिवे लावले ते कालच पाहिलं होतं. त्यांनी एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, लिहिलं. सासूबाई, दुसरा पत्ता. टेकडीमागे, लोखंडी फाटक. वेळ, पावणेसातच्या आत. नग, बावीस चादरी.

मशीनने एक शब्द विचारला नाही. परिस्थितीला कोण विचारतं?

दोन दिवसांनी गणितबाई त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. “काका, वाचलेल्या मिनिटांतली चोवीस मिनिटं कुठेतरी गेलीत.”

मास्तर पत्ते दुरुस्त करत राहिले.

“सासूबाईंचा दुसरा पत्ता नवीन आहे का?”

“हो.”

तिने पडद्यावरचं ‘टेकडीमागे, लोखंडी फाटक’ वाचलं. “मी यात मालकांचंच वाक्य घालून ठेवते,” ती म्हणाली आणि वाकून, बटणं दाबून, त्या ओळीला कुलूप लावून टाकलं. “माझं काम शुक्रवारी संपतंय. नंतर आलेल्याने चुकून पुसायला नको.” जाताना तिने त्यांच्या टेबलावर एक चिमटा ठेवला. बादलीतून उचलला असावा.

महिनाअखेरीचा अहवाल घेऊन मालक स्वतः खाली आले. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज बारीक केला.

“मास्तर, हे बरोबर आहे का? सासूबाई, रोज बावीस चादरी?”

“मशीन चुकत नसतं, साहेब.”

“दोन ठिकाणी? दुसरं ठिकाण कसलं? आणि बावीस? म्हणजे घरात इतकी माणसं?” मालकांच्या डोळ्यांसमोर बायकोच्या माहेरचे बावीस पाहुणे ओळीने झोपलेले उभे राहिले असावेत, कारण ते टेबलाला धरून उभे राहिले. “मला तर काहीच बोलले नाहीत कोणी.”

“घरी विचारून बघता का?”

मालकांनी विचार केला. घरी विचारलं, की ‘माझ्या आईच्या चादरी मोजता?’ इथून सुरुवात होणार होती. शेवट कुठे होईल ते कोणत्याच मशीनला सांगता आलं नसतं.

“नको,” ते म्हणाले. “राहू दे. जातात तर जाऊ देत. आणि हे बघा, हा विषय इथेच. कोणाला कळता कामा नये.”

“माझ्या तोंडून नाही कळणार,” मास्तर म्हणाले. झाकली मूठ त्यांना चांगली ठेवता येत होती, पण यावेळी मुठीत काय आहे ते एकदा बघून घेतलं होतं.

रविवारी ते आश्रमात गेले. ताई खाटेवर आडवी होती, पांढऱ्या चादरीवर, कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. त्यांच्या पायांचा आवाज ऐकून तिने कपाळाला आठ्या घातल्या.

“तू आलास ते बरं झालं. तुझ्या त्या चार नंबरवाल्याला सांग काहीतरी. पहाटे साडेसहाला येऊन घंटा बडवतो मेला! नुकता कुठे डोळा लागलेला असतो. झोपेचं पार खोबरं करतो.”

मास्तर तिच्या पायांशी बसले. साठ वर्षांत तिने केलेली ही पहिली तक्रार होती.

“अजून सांग,” ते म्हणाले. “आणखी काय काय त्रास देतो तो?”

ताई उशी सारखी करून उठून बसली आणि सांगू लागली.